कान गुडघ्यात

ठेव. दाराशीच ठेव तो ॲम्प. पंचवीस-तीस किलोचं धूड दोन जिने चढवून आणलंस, धाप लागली असेल, आधी पाणी पी. गिटार पिशवीतून काढू नकोस. आज पहिला अर्धा तास तू वाजवायचं नाहीस, नुसतं ऐकायचं. काल तेवढंच राहून गेलं.

काल कार्यक्रम संपल्यावर विंगेतून घाम पुसत आलास आणि पहिला प्रश्न काय, तर "सर, टोन कसा होता?" मी म्हटलं, उद्या ये, आणि ॲम्प घेऊन ये. तुला वाटलं असेल, सरांना सेटिंग हवंय. सेटिंग माझ्याकडे आहेच. तू फोटो काढून घेण्यात गुंतला होतास तेव्हा मी स्टेजवर जाऊन तुझ्या नॉबांचा फोटो काढला. बास आठ, मिडल दोन, ट्रेबल आठ, प्रेझेन्स सात, मास्टर सहा. साउंडचेकला मास्टर तीनवर होता, हेही मी पाहिलं होतं. तीनाचे सहा कधी झाले, ते तू सांगू नकोस. मला गाण्यागणिक ठाऊक आहे.

टोनचं नंतर बघू. आधी मला सांग, गाणारी मुलगी काल तिसरं गाणं कुठलं गात होती? शब्द सांग. एखादी ओळ. तिचं स्वतःचं गाणं होतं ते, तिनं लिहिलेलं, सहा महिने तुमच्या तालमी चालल्या होत्या. नाही आठवत? मलाही नाही सांगता येणार, कारण मला ते ऐकूच आलं नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. तू तिच्यापासून पाच फुटांवर होतास.

तिसरं गाणं संपल्यावर मी उठलो आणि मागे साउंडवाल्या दादांकडे गेलो. म्हटलं, गिटार जरा कमी करा हो. त्या माणसानं काही न बोलता कन्सोलवर बोट ठेवलं. तुझ्या चॅनेलचा फेडर तळाला होता, अगदी तळाला. तुझ्या ॲम्पसमोर माइक लावलेला पाहून तू खूष झाला होतास ना? तो माइक दुसऱ्या गाण्यापासून बंद होता. मी जे ऐकत होतो ते सगळं थेट तुझ्या या खोक्यातून येत होतं. दादा म्हणाले, "सर, शून्याच्या खाली मला जाता येत नाही." तो बिचारा माणूस दहा वर्षं हे काम करतोय, आणि काल त्याच्या हातात तुझं काहीच नव्हतं. उद्या लोक म्हणणार, साउंड वाईट होता. शिव्या त्याला.

आता यातली गंमत बघ. पीएच्या स्पीकरांत तू नव्हतासच. म्हणजे तुझ्या ॲम्पच्या समोरच्या रेषेत जी वीस-पंचवीस माणसं बसली होती, त्यांच्या कानात खिळे ठोकले गेले, आणि बाकी सभागृहाला काय मिळालं? डाव्या बाजूला तुझा भाचा बसला होता, त्याला मी मुद्दाम विचारलं. म्हणाला, मामाचा सोलो कुठला ते कळलं नाही. बाल्कनीत तर नुसता भुंगा. ज्या सोलोसाठी तू मास्टर सहावर नेलास तो सोलो बाल्कनीपर्यंत पोचलाच नाही. मास्टर तीनवर ठेवला असतास, तर दादांनी तो माइक उघडला असता आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत तुझी एकेक तान स्वच्छ गेली असती.

"पण सर, मला माझंच ऐकू येत नव्हतं." हो. येणारच नव्हतं. ॲम्प कुठे होता? जमिनीवर. तू कुठे उभा होतास? त्याच्यापुढे चार फुटांवर, त्याच्याकडे पाठ करून. मेंदू गुडघ्यात असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कान गुडघ्यात असलेला तूच पहिला. कारण आवाज गुडघ्याला चालला होता, आणि तू तिथे ऐकायचा प्रयत्न करत होतास.

नीट समजून घे, हे पुन्हा सांगणार नाही. यात बारा इंचांचा स्पीकर आहे, म्हणजे तीस सेंटिमीटर. ज्या स्वराची तरंगलांबी तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे तो स्पीकरमधून निघून चहूकडे पसरतो. साधारण अकराशे हर्ट्झपर्यंत हे असं चालतं. त्याच्यावर गेलास की तरंगलांबी स्पीकरपेक्षा लहान होत जाते आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जायला लागतो. चार हजार हर्ट्झला तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर. तिथे तर अगदी अरुंद पट्टा. तुझ्या टोनमधली सगळी धार, सगळा चावा याच पट्ट्यात असतो. तू त्या झोताच्या वर उभा होतास. तुला मिळाला फक्त खालचा गुबगुबीत भाग, म्हणून तुला वाटलं टोन दबलाय, आणि ट्रेबल आठवर असूनही तू प्रेझेन्स सातवर नेलास. झोत मात्र तुझ्या पोटऱ्यांना घासून सरळ प्रेक्षकांत गेला. बसलेल्या माणसाचं डोकं स्टेजवरच्या ॲम्पच्या बरोबर समोर येतं, हे कधी बघितलंयस? नाही. तू खाली उतरून कधी बघतच नाहीस.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, हे तू मला परवाच घडाघडा म्हणून दाखवलंस. पाठ आहे तुझं. पण झोताच्या आत आणि झोताच्या बाहेर यांच्यात वरच्या पट्टीत दहा-पंधरा डेसिबलांचा फरक सहज पडतो, आणि सभागृहात भिंती-छताचं येतं ते वेगळंच. म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्याला तुझा ट्रेबल तुझ्यापेक्षा जास्त ऐकू येऊ शकतो. तो म्हातारा काल मी होतो.

उपाय? एक खुर्ची. साधी प्लॅस्टिकची, मंडपवाल्याची. ॲम्प तिच्यावर चढवायचा, मागे किंचित कलवायचा, तोंड तुझ्या कानाकडे. फेंडरनं साठच्या दशकात आपल्या मोठ्या कॉम्बोंना बाजूला तिरके पाय बसवले होते, ॲम्प मागे रेलून उभा राहावा म्हणून. ते शोभेला नव्हते. नाहीतर ॲम्प स्टेजच्या कडेला ठेवायचा, तोंड आत, आडवं, प्रेक्षकांकडे नाही. ॲम्प हा तुझा मॉनिटर आहे. लोकांना ऐकवायला पीए आहे, भाडं देऊन आणलेला. एवढं करशील तर तुझा ट्रेबल आपोआप चारवर येईल, कारण त्याचा मार तुलाच बसेल.

मागे बघू नकोस, मी तुझ्याशी बोलतोय.

आता त्या मुलीचं. तिच्या हातात जो माइक होता, तो सगळीकडे असतो तोच, कार्डिऑइड. पुढून ऐकतो, मागून ऐकत नाही. म्हणून तर मॉनिटर तिच्या समोर जमिनीवर ठेवतात, माइकच्या पाठीमागे, त्याच्या बहिऱ्या बाजूला. पण माइकचं तोंड कुठे? तिच्या तोंडाकडे. तिच्या मागे कोण? तू. म्हणजे माइकच्या ऐकणाऱ्या बाजूला तिचा आवाज आणि तुझा ॲम्प, दोघेही. ती जराशी बाजूला सरकली की मधलं तिचं डोकंही गेलं, आणि तू थेट तिच्या माइकमध्ये. दादांनी तिचा फेडर चढवला की तिच्याबरोबर तूही चढलास. सहा डेसिबल तिला दिले, सहा तुला फुकट. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं तिला वर आणायचं तर शेवटी मॉनिटर वाढवावा लागला, आणि मग पाचव्या गाण्यात जी शिट्टी फुटली ती तुला आठवत असेल. आठवतं ना? सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माइक खाली धरला आणि कसंनुसं हसली. ती शिट्टी तुझी होती.

आणि एवढ्यानंही तिला स्वतःचं ऐकू येईना, तेव्हा तिनं काय केलं? जे कोणीही करेल तेच. ओरडायला लागली. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्येच लिहून ठेवलंय, गोंगाटात माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो. तिला सांगून थांबवता येत नाही ते. आज सकाळी तिच्या आईचा फोन होता मला. घसा बसलाय पोरीचा. फोन तुला यायला हवा होता.

आपल्याकडे साथ म्हणतात याला. शब्द बघ, साथ. गाणाऱ्याच्या शेजारी बसलेला तबलजी ख्याल चालू असताना ठेका किती हाताने धरतो, कधी लक्ष दिलंयस? त्याच्याही हातात ताकद असते. उठून घुमवायचं ठरवलं तर तो तंबोऱ्यासकट गवयाला झाकून टाकील. पेटीवाला भाता किती हलका हलवतो, जागा भरतो आणि पुन्हा मागे होतो. त्यांना कुणी मास्टर नॉब दिलेला नाही, म्हणून त्यांना हातावर ताबा ठेवावा लागतो. तुझ्याकडे तर गिटारवरच नॉब आहे. गाण्याच्या वेळी सहावर, सोलोला दहावर, पुन्हा सहावर. पाच वर्षं शिकवतोय तुला, त्या नॉबवर मी तुझं बोट कधी पाहिलं नाही.

"ट्यूब ॲम्प उघडल्याशिवाय गात नाही, सर." हे येणार, मला माहीत होतं. अर्धं खरं आहे, म्हणूनच धोक्याचं. पॉवर ट्यूब दाबल्या की आवाजाला एक गोल चिरका गोडवा येतो, मान्य. पण मग पन्नास वॅटचा कशाला घेतलास? आणि त्याआधी शंभराचा घ्यायला निघाला होतास. पन्नासचे शंभर केलेस तर तीन डेसिबल वाढतात, फक्त तीन. कानाला दुप्पट मोठं वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पाच वॅटचा ॲम्प पूर्ण उघडा आणि पन्नासचा पूर्ण उघडा, यांत कानाला फरक एवढाच: दुप्पट. पाचवाल्याचा टोन मात्र घरच्या खोलीतही मिळतो. क्लॅप्टननं १९७० साली लैलाचा तो अल्बम केला तेव्हा पाचेक वॅटचा छोटा फेंडर चॅम्प वापरला होता. ऐकून तुला काय वाटलं होतं, पर्वताएवढा ॲम्प आहे ना? वाटलं होतं. तूच म्हणालास.

मोठे ॲम्प आले कुठून तेही ऐक, म्हणजे नक्कल कशाची करतोस ते कळेल. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर माणसं. त्यांच्यासाठी व्हॉक्सनं शंभर वॅटचे ॲम्प करून दिले होते, आणि गाणं कशातून, तर बेसबॉलच्या घोषणा करायच्या स्पीकरांतून. पोरींच्या किंकाळ्यांपुढे ड्रमवाल्याला आपले साथीदार ऐकू येईनात, पाठी हलताना बघून तो ठेका धरत होता. त्याच सुमारास लंडनमध्ये द हूच्या पीट टाउन्शेंडनं जिम मार्शलकडे आणखी मोठ्या ॲम्पची मागणी केली आणि शंभर वॅटचा मार्शल जन्माला आला. का? कारण गिटारला माइक लावून मोठ्या पीएतून सोडायची सोय तेव्हा नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत जायचं तर ॲम्पनंच जायचं. गरज होती त्यांची. आता सभागृहाच्या दोन्ही बाजूंना टांगलेला पीए आहे आणि तू अजून शे स्टेडियममध्ये उभा आहेस, सातशे खुर्च्यांच्या सभागृहात.

आणि टाउन्शेंडचं पुढे काय झालं तेही सांगतो. कान गेले. स्वतःच जाहीर सांगितलं त्यानं, कानात सतत वाजतं म्हणून. त्याच्याच बँडची १९७६ मध्ये जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली होती; पुढे गिनेसनं ती नोंद ठेवणंच बंद केलं, लोक विक्रमासाठी कान फोडून घेतील म्हणून. काल माझ्या खिशात छोटा मीटर होता. तिसऱ्या रांगेत १०३ दाखवत होता. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी जी मर्यादा सांगतात ती आठ तासांना ८५ डेसिबल, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. १०३ ला? हिशेब कर. साडेसात मिनिटं. तुम्ही वाजवलंत दीड तास. तुझी आई पहिल्या रांगेत होती.

माझंही सांगतो, नाहीतर म्हणशील सर सोवळे आहेत. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीत मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गणपतीचे दहा दिवस, रोज एक मंडळ, ट्रकवर बांधलेलं स्टेज. ॲम्प ड्रमच्या शेजारी, झांजेखाली. ऐकू येत नाही म्हणून मी वाढवायचो, मग बासवाला वाढवायचा, मग ड्रमवाला जोरात हाणायचा, मग मी पुन्हा. अर्ध्या तासात कान बधिर होतात, म्हणून अजून वाढवायचो. तुझे तीनाचे सहा असेच झाले, मला काय सांगतोस. आमच्यात गाणाऱ्या एक बाई होत्या, वयानं मोठ्या. सातव्या रात्री कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या मी घरीच राहते. तूच गा." मी हसण्यावारी नेलं. आठव्या रात्री त्या खरंच आल्या नाहीत. आणि आता रोज रात्री दिवा मालवला की माझ्या डाव्या कानात रातकिडा सुरू होतो. पस्तीस वर्षं झाली, तो काही गप्प बसत नाही. घरच्यांना ऐकू येत नाही, म्हणून कुणाला सांगताही येत नाही.

जाऊ दे ते.

तुझं सेटिंग बघू. बास आठ, ट्रेबल आठ, मिडल दोन. घरी, खोलीत, रात्री अकराला, आई झोपलेली असताना लावलंयस हे. बरोबर? हळू आवाजात कानाला खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय ते. म्हणून तू दोन्ही टोकं चढवलीस आणि मधलं काढून टाकलंस, खोलीत मोठं भारदस्त वाटलं. तेच सेटिंग स्टेजवर नेलंस की मोठ्या आवाजात बास आणि ट्रेबल आपणहून उसळतात. तुझी खालची तार ८२ हर्ट्झची, तिथे बासवाला आधीच बसलाय. वर झांजा बसल्यात. गिटारची जागा मधोमध, आणि तीच तू उपटून फेकलीस. मग ऐकू कसं येणार? मास्टर वाढवून? बास चारवर आण, मिडल सात, आणि बघ तीनवरच्या मास्टरला काय कापतं ते. आणखी एक, साउंडचेकच्या वेळी सभागृह रिकामं असतं. माणसं आली की त्यांचे कपडे, त्यांची अंगं वरचा आवाज शोषून घेतात, आणि तुला वाटतं की काहीतरी बदललं. बदलतंच. त्याचा बंदोबस्त दादा करतात. तुझा हात जागेवर राहिला पाहिजे.

आता जागांचं. मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं, उघड्यावरचं. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव चालायचा तिथे. आम्ही पुण्याहून गाडी पकडून जायचो. शेजारी हॉस्पिटल, शेजारी कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथला रॉक संपला. त्यात चूक कुणाची यावर मी वाद घालत बसणार नाही. पण आपल्याला वाजवायला जागा आधीच बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. कालच्या सभागृहाच्या व्यवस्थापकानं निघताना मला विचारलं, "पुढच्या वेळी गिटार नसलेला कार्यक्रम ठेवाल का?" मी काय उत्तर द्यायचं होतं त्याला?

बरं. इथून घरी गेल्यावर आधी त्या मुलीकडे जायचं. फोन नाही, घरी. सॉरीबिरी नको, इतकंच सांग की पुढच्या साउंडचेकला मॉनिटर बंद करून तू गा, मी तुला ऐकू येईन पण तुझ्या आवाजावर येणार नाही, इतका मास्टर खाली आणतो. ड्रमवाल्यालाही घे. ड्रमला नॉब नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करायची, मग बास, मग तू. आणि लांब केबल लावून खाली उतरायचं, तिसऱ्या रांगेत, दहाव्या रांगेत, बाल्कनीत. हे सगळं मागेही सांगितलं होतं. वहीत असेल तुझ्या, काढून बघ.

आता तो ॲम्प उचल. जमिनीवर नाही, त्या स्टुलावर. तोंड इकडे फिरव, अजून, तुझ्या कानाच्या रेषेत. हा घे फोटो. लाव कालचंच सगळं, एकही नॉब इकडेतिकडे नको. बास आठ, मिडल दोन, ट्रेबल आठ, प्रेझेन्स सात. मास्टर मात्र एकच्या खाली, खालच्या काकू दुपारच्या झोपल्यात. आता बस त्याच्यासमोर, इथे, चार फुटांवर. काढ गिटार. तिसऱ्या गाण्याचा सोलो, पहिल्यापासून.

काय झालं? थांबलास का? डोळे का मिटलेस?

वाजव, वाजव. अजून दीड तास आहे.